पांढऱ्या चादरीवरचा उजेड

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की आपण सरळ १९१३ सालात जाऊन उभे राहतो. तीन मे, मुंबईचे कॉरोनेशन थिएटर, ‘राजा हरिश्चंद्र’. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एवढेच असते आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार जाहीर झाला की वर्तमानपत्रांतही एवढेच छापून येते. पण त्या दिवशी फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस एकाएकी चित्रपट काढत नाही. त्याआधीची वीस-बावीस वर्षे ते उजेडाच्या आणि चेहऱ्याच्या मागे होते. फोटोग्राफी शिकले, धंदा मांडला, तो बसला, पुन्हा मांडला, पुन्हा बसला. चित्रपटसृष्टीचे जनक होण्याआधीचे हे विद्यार्थी फाळके, हे अयशस्वी फोटोग्राफर फाळके मला अधिक जवळचे वाटतात.

याला कारण आहे. सोलापुरात मी हौशी मुलामुलींना पोर्ट्रेट काढायला शिकवतो. नवा विद्यार्थी आला की त्याचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. कॅमेरा कोणता घेऊ आणि लाइट किती लागतील? घरची ऐपत बहुधा बेताची असते. कुणाचे वडील यंत्रमागावर असतात, कुणाची आई विड्या वळते. दिव्यांचे आणि छत्र्यांचे भाव ऐकून हा नाद सोडून देणारी मुले मी पाहिली आहेत. खरे तर आमच्या सोलापुरात टंचाई असते ती पाण्याची. उजेडाची कधीच नाही. पण उजेड भरपूर असणे वेगळे आणि तो चेहऱ्यावर कसा पडतो हे कळणे वेगळे. हा फरक समजावून सांगताना मला पुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा फाळक्यांचे आयुष्य जास्त उपयोगी पडते. तेच आज थोडे तपशिलाने सांगावे म्हणतो.

त्र्यंबकेश्वर ते बडोदे

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलानेही शास्त्रीपण चालवावे अशीच त्या घरातली रीत. पण वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली, घर मुंबईला आले आणि १८८५ मध्ये धुंडिराज सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथला चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा करून तो थोरल्या भावापाठोपाठ बडोद्याला गेला. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले होते. हाताने काही करून दाखवू पाहणाऱ्या तरुणासाठी त्या काळी हिंदुस्थानात याहून चांगली जागा क्वचितच असेल.

कलाभवनाचे प्रमुख होते प्रा. त्रिभुवनदास गज्जर. ते रसायनशास्त्रज्ञ. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला फासलेला काळा रंग पुढे ज्यांनी रसायनांनी उतरवून दाखवला, ते हेच गज्जर. फाळक्यांना फोटोग्राफीचे वळण मिळाले ते अशा माणसाच्या हाताखाली, हे लक्षात घ्यायला हवे. तैलरंग, जलरंग, वास्तुकला, मूर्तिकाम हे सारे फाळके शिकले. कॅमेरा त्यांच्या हाती आला तोही याच सुमारास. काचा धुणे, छापणे असे प्रयोग सुरू झाले. गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवून तिरंगी ब्लॉक आणि लिथोची कामे शिकवून आणली आणि १८९३ च्या सुमारास कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांना वापरायला दिली. गुरू विद्यार्थ्याला याहून मोठे काय देऊ शकतो? त्या काळात अंधारखोली मिळणे म्हणजे आजच्या मुलाला सारी यंत्रसामग्री फुकट मिळण्यासारखेच होते.

काच, पडदा आणि कुंकू

त्या वेळी फोटो काढणे म्हणजे काय होते, याची कल्पना आज मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो काढणाऱ्याला सहज येणार नाही. काचेच्या पट्टीवर जिलेटिनमध्ये कालवलेल्या चांदीच्या क्षारांचा थर दिलेला असे. हीच ‘ड्राय प्लेट’. ती लाकडी कॅमेऱ्यात सरकवायची, समोरच्या माणसाला काही सेकंद पुतळ्यासारखे बसवायचे, मान हलू नये म्हणून कधी पाठीमागे लोखंडी आधार लावायचा. मग अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली ती काच धुवायची आणि हायपोत पक्की करायची.

तांबडाच दिवा का? कारण त्या साध्या काचेला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तिला दिसे तो निळा आणि जांभळा उजेड. जुन्या घरात भिंतीवर लावलेला पणजीचा फोटो पाहा. तिचे कुंकू काळे दिसते. आपल्या लोकांचा गव्हाळ, तांबूस रंग फोटोत होता त्याहून सावळा उतरे आणि निळे आभाळ पांढरेफटक येई. म्हणजे फोटोग्राफरला स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून चालत नसे. समोरचा चेहरा काचेला कसा दिसेल, हे त्याला मनातल्या मनात ताडावे लागे. कॅमेऱ्याची नजर आणि माणसाची नजर निराळी असते, हा धडा नव्वदच्या दशकातला, म्हणजे अठराशे नव्वदच्या दशकातला, विद्यार्थी पहिल्याच महिन्यात शिकत असणार. आमच्या विद्यार्थ्याला तो शिकायला वर्ष लागते, कारण त्याचा कॅमेरा बहुतेक चुका त्याच्या नकळत झाकून टाकतो.

वीज नव्हती. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून झगमगाट करण्याची युक्ती जर्मनीत १८८७ मध्ये निघाली होती, पण तिचा धूर आणि धोका बेताचा नव्हता. रोजचे काम चाले सूर्यावर. स्टुडिओचे छप्पर किंवा भिंत काचेची असे आणि ती बहुधा उत्तरेकडची. सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेच्या आभाळातून थेट ऊन न येता सौम्य, सारखा उजेड येतो. त्या काचेखाली मलमलीचे पडदे दोऱ्यांनी मागेपुढे सरकवायचे. एक पडदा ओढला की गालावरची सावली मऊ होई, दुसरा उघडला की डोळ्यात उजेडाचा ठिपका चमके.

आता यातली एक गंमत. हा उत्तरेचा नियम विलायतेत बाराही महिने खरा, आपल्याकडे नाही. सोलापूर विषुववृत्तापासून साधारण पावणेअठरा अंशांवर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य आमच्या डोक्यावरून किंचित उत्तरेलाच सरकलेला असतो. म्हणजे ज्या खिडकीवर पुस्तक भरवसा ठेवायला सांगते, तिच्यातूनच ऊन घरात येते. बाहेर तर विचारूच नका. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बाराच्या उन्हात कुणाला उभे करून पाहा. डोळ्यांच्या जागी दोन खळगे दिसतील आणि नाकाची सावली थेट ओठांवर उतरेल. विलायती पुस्तके वाचून शिकणाऱ्याला आपल्या गावचा सूर्य स्वतःच तपासावा लागतो. तो फाळक्यांनाही बडोद्यात आणि पुढे मुंबईत तपासावा लागला असणार.

गोध्रा

१८९५ मध्ये फाळक्यांनी धंदेवाईक फोटोग्राफर व्हायचे ठरवले आणि गुजरातेतल्या गोध्र्याला बिऱ्हाड हलवले. लग्न झालेले, मूल झालेले. गाव लहान, पण व्यापाऱ्यांचा राबता असलेले. कलाभवनात शिकलेल्या माणसाचे तिथे बरे चालायला हरकत नव्हती.

मग प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत उतरलेल्या त्या रोगाने पुढच्या काही वर्षांत सारा पश्चिम किनारा आणि गुजरात पिंजून काढला. १९०० च्या सुमारास फाळक्यांची पत्नी आणि मूल दोघेही त्यात गेले. चरित्रात ही हकिगत एका वाक्यात येते आणि संपते. मीही ती वाढवून सांगणार नाही. एवढेच म्हणतो, की जो माणूस दिवसभर परक्यांची लेकरेबाळे काचेवर उतरवून घेत होता, त्याचे स्वतःचे घर रिकामे झाले. गोध्रा सोडून ते बडोद्याला परतले आणि पुन्हा कॅमेरा मांडला.

चेहरा देईना कुणी

बडोद्यात निराळेच संकट उभे राहिले. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि त्याने माणूस मरतो, अशी बोलवा गावभर झाली. प्लेगचे दिवस. मरण दारात बसलेले. अशा वेळी तीन पायांच्या काळ्या पेटीसमोर जाऊन कोण बसेल? चरित्रकारांनी असेही नोंदवले आहे, की बडोद्याच्या राजपुत्रानेही आयुष्य घटेल या भीतीने फोटोला नकार दिला होता. फाळक्यांनी त्याची समजूत घातली आणि त्याने फोटो काढून घेतला. तरीही धंदा काही उभा राहिला नाही.

आज आपण या समजुतीला हसतो. मला मात्र हसू येत नाही. आमच्या खेड्यांत आणि जुन्या पेठांत कॅमेरा पाहताच पदर पुढे ओढणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मनात शक्ती शोषण्याची कल्पना असेलच असे नाही. पण आपला चेहरा कुणीतरी घेऊन चालला आहे, त्याचे पुढे काय होणार, ही शंका असते. आजच्या काळात, जिथे कुणाचाही चेहरा क्षणात गावभर फिरू शकतो, ही शंका अगदीच अडाणी म्हणवत नाही. चेहरा ही माणसाची मालमत्ता आहे. ती तो उसनी देतो. देणाऱ्याचा विश्वास बसला नाही तर जगातला उत्तम दिवा लावूनही काचेवर उतरतो तो घाबरलेला माणूस. मुलांना मी सांगतो, की पहिली दहा मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू द्या. चहा घ्या, गप्पा मारा, समोरचा कुठे बसला की सैलावतो ते पाहा. मग त्याला उंबऱ्याशी बसवा. दाराचा उजेड एका बाजूने येऊ द्या. एक दार, एक चेहरा. बाकी काही लागत नाही.

फाळक्यांना हा विश्वास मिळवायला राजपुत्रापर्यंत जावे लागले आणि तरीही तो पुरला नाही. फोटोग्राफी शिकून माणूस जे शिकतो त्याचा निम्मा भाग उजेडाचा असेल, तर उरलेला निम्मा हा.

दहा धंद्यांचा माणूस

यानंतरची दहा वर्षे झरझर सांगता येतील, इतकी ती धावपळीची आहेत. पोटासाठी फाळक्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकून आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते रंगमंचावर उभे राहिले. १९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले, त्या सरस्वतीबाई. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून नोकरी लागली. वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ उसळली, तेव्हा ती सोडून लोणावळ्याला छपाई आणि ब्लॉकचा कारखाना काढला. रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी कामे केली. कारखाना दादरला आला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला. १९०९ मध्ये यंत्रे आणण्यासाठी जर्मनीची वारी झाली. मग भागीदाराशी पटेना, तेव्हा तेही सोडले.

वरवर पाहता ही धरसोड दिसते. पण यातला प्रत्येक धंदा उजेडाचाच आहे. पडदा रंगवताना खोटी खोली कशी भासवायची ते कळते. जादूत कुठे उजेड ठेवायचा आणि कुठे अंधार, यावरच सारा खेळ असतो. ब्लॉक करताना एका चेहऱ्यातल्या छटा ठिपक्या-ठिपक्यांत मोजाव्या लागतात. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रविवर्म्याच्या चित्रासारखी मांडणी दिसते ती उगीच नव्हे.

डोळे

१९११ च्या ईस्टरमध्ये गिरगावातल्या तंबूत फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांना पडद्यावर आणायचे त्यांनी ठरवले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढची कमी ठाऊक आहे. त्यानंतर महिनोन् महिने ते रोज तासन् तास चित्रपट पाहत, घरी येऊन प्रयोग करत, झोप नावाला. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि दिसेनासे झाले. फोटोग्राफरची दृष्टी जाणे म्हणजे गवयाचा गळा जाणे. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि चष्म्यांच्या आधारे ती परत आली. आणि परत येताच काय, तर पुन्हा तेच काम!

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले आणि वॉल्टनच्या स्टुडिओत फाळक्यांनी सारी कृती जवळून पाहिली. वय बेचाळीसच्या घरात, आणि पुन्हा शिकाऊ उमेदवार. विल्यम्सन कॅमेरा विकत घेऊन ते परतले आणि कुंडीतल्या वाटाण्याला अंकुर फुटून वेल वाढेपर्यंतचे थोडे थोडे चित्रण करून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा इवलासा चित्रपट केला. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटली ती त्या वाटाण्यामुळे.

चादर धरणारे हात

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे सांगतो आहे, तिच्यापाशी येतो. ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला उन्हात चित्रित झाला. वरून ऊन पडले की चेहऱ्याच्या सावलीची बाजू काळी पडते. मघाशी सिद्धेश्वराच्या काठावर पाहिली तशीच. यावर उपाय एकच. समोरून किंवा बाजूने पांढरे काहीतरी धरून तेच ऊन परतवून सावलीत टाकायचे. आज यासाठी घडीची चंदेरी तबकडी मिळते. फाळक्यांकडे होती पांढरी चादर. आणि ती धरून रणरणत्या उन्हात तासन् तास उभ्या राहत सरस्वतीबाई.

त्या एवढेच करत नव्हत्या. कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येई. ती भोके रात्री अंधारात त्या पाडत. रसायने कालवणे, फिल्म धुणे त्या शिकल्या. साठ-सत्तर माणसांच्या कंपनीचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिने त्यांनी काढून दिले. तारामतीची भूमिका करायला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवावे लागले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्या तारामतीच्या चेहऱ्यावर उजेड टाकणारी बाई पडद्याबाहेर उभी होती, हे सहसा सांगत नाही.

रिफ्लेक्टर धरणे हे हलके काम नव्हे. सूर्य सरकतो तशी चादर सरकवावी लागते. ती जवळ आणली की सावली एकदम उजळते. दूर नेली की उजेड अंतराच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. वाऱ्याने चादर हलली की गालावर उजेड हलतो. ती धरणाऱ्याला चेहरा सतत वाचावा लागतो. म्हणजे चादर धरणाराही फोटोग्राफरच असतो. आमच्या वर्गात प्रत्येकाने आधी चादर धरायची आणि मग कॅमेरा, असा नियम मी केला आहे. सोलापूर हे चादरींचे गाव. घरातली एक जुनी, पांढरी, धुऊन मऊ झालेली चादर एवढेच भांडवल पुरते. हे ऐकून ज्याचा धीर सुटत होता तो मुलगा पुन्हा येऊन बसतो.

पुढे काळ बदलला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या ‘सिंहगड’साठी कृत्रिम दिवे लावले आणि रात्रीची दृश्ये घेतली. मग बोलपट आले. फाळक्यांचे मूकपट मागे पडले. ‘सेतुबंधन’ आणि कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला १९३७ चा ‘गंगावतरण’ हे त्यांचे अखेरचे प्रयत्न. उतारवय नाशकात गेले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते तिथेच वारले. ज्या धंद्याने पुढे कोट्यवधींची उलाढाल केली, त्याने आपल्या पहिल्या माणसाच्या हाती फारसे काही ठेवले नाही.

पण एक गोष्ट उरली आहे. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो. त्यात बाळकृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, तेव्हा सातेक वर्षांची. चित्रपट सुरू होताच कथा बाजूला राहते आणि पडद्यावर दिसतो फक्त तिचा चेहरा. ती हसते, रुसते, चकित होते. एकामागून एक भाव उमटत जातात आणि मग तोच चेहरा हळूहळू कृष्णाचा होतो. कथेच्या दृष्टीने या दृश्याची काही गरज नव्हती. हे सरळसरळ एक पोर्ट्रेट आहे. बडोद्यात काचेवर शिकलेल्या माणसाने फिल्मवर काढलेले. गोध्र्याला ज्याचे मूल गेले होते, ज्याच्यासमोर बसायला माणसे भीत होती, ज्याची दृष्टी एकदा जाऊन परत आली होती, तो बाप आपल्या लेकीच्या तोंडावर पडलेल्या उजेडाकडे पाहतो आहे. आणि ती पोर अजिबात न बिचकता त्या काळ्या पेटीत पाहून हसते आहे.